मंगळवेढा ते परळ : आईचे तीस लाईट

सिद्धेश्वर एक्स्प्रेस रात्री कुर्डुवाडीला येते आणि सकाळी दादरला सोडते. मार्गशीर्षात त्याच गाडीने आईला घेऊन परळच्या टाटा कॅन्सर हॉस्पिटलला गेलो. चाळीस वर्षांच्या तंबाखूच्या मिश्रीने तिचा डावा गाल खाल्ला होता. ऑपरेशन दिवाळीआधीच झालं होतं, आता लाईट, म्हणजे रेडिएशनचे शेक, घ्यायचे होते. आठवड्यातून पाच दिवस, एकूण तीस, म्हणजे सहा आठवडे मुक्काम.

तिकीट काढण्याआधी हॉस्पिटलकडून रेल्वे सवलतीचा फॉर्म भरून घ्या. स्लीपर आणि थ्री टायर एसीत कॅन्सरच्या रुग्णाला शंभर टक्के आणि सोबत्याला पंचाहत्तर टक्के सूट असते. हे आम्हाला पहिल्या खेपेला कोणी सांगितलं नव्हतं.

राहण्यासाठी दादर पूर्वेला गाडगे महाराज मिशनची धर्मशाळा आहे, परळला नाना पालकर स्मृती समितीचं रुग्णसेवा सदन आहे. जागा लगेच मिळेल असं धरून निघू नका. हॉस्पिटलच्या समाजसेवा विभागात पहिल्याच दिवशी विचारा. आम्ही पहिले आठ दिवस डोंबिवलीला मामांकडे काढले. लोकलच्या दिव्यांगांच्या डब्यात कॅन्सरच्या रुग्णाला बसता येतं, फक्त कागद जवळ हवेत. तरी सकाळची ती गर्दी आईला सोसवेना, म्हणून धर्मशाळेत खोली मिळाल्यावर जीव भांड्यात पडला.

लाईट सुरू होण्याआधी दात तपासतात. किडलेले आधीच काढतात, कारण शेकलेलं जबड्याचं हाड नंतर नीट भरून येत नाही. आईचे दोन दात काढले आणि जखम भरेपर्यंत थांबावं लागलं. ही थांबायची मुदत धरूनच घरून निघा. आणि हे जन्मभर लक्षात ठेवा, पुढे कुठल्याही दवाखान्यात दात काढायची वेळ आली तर लाईट घेतल्याचं आधी सांगायचं.

मग गरम पाण्यात मऊ केलेली प्लास्टिकची जाळी चेहऱ्यावर बसवून मास्क तयार करतात. रोज तोच मास्क टेबलाला घट्ट लावतात, म्हणजे मान हलत नाही. गळ्यात धातू चालत नाही. आईने आजवर गळ्यातली काळी पोत कधी काढली नव्हती. तिने ती पदराच्या गाठीत बांधली आणि गाठ मुठीत धरून आत गेली. प्रत्यक्ष लाईटला काही मिनिटंच लागतात आणि त्या वेळी काही दुखत नाही. बाहेर आल्यावर म्हणाली, "एवढंच व्हय?"

पहिले दोन आठवडे असेच गेले. तिसऱ्यात तोंड आलं. जीभ लाल झाली, चव गेली, लाळ चिकट दोरीसारखी झाली. भाकरी दुधात कुस्करून दिली तरी तिला ती काचेसारखी टोचायची. ज्वारीच्या मुलखातल्या बाईने ताट सरकवून द्यावं, हे मला बघवत नव्हतं. मी आग्रह करायचो, ती रडायची. शेवटी आहारतज्ज्ञ बाईंनी समजावलं की जेवण म्हणून नाही, औषध म्हणून दर दोन तासांनी थोडं थोडं द्या. मग मिक्सरमधून काढलेला तूप घातलेला मूगभात, दुधातलं नाचणीसत्त्व, मऊ अंडं असं देऊ लागलो. आंबट आणि तिखट बंदच केलं. ग्लासभर पाण्यात पाव चमचा मीठ आणि पाव चमचा खायचा सोडा घालून दिवसातून कितीदा तरी गुळण्या करायच्या. जेवणाआधी तोंड बधिर करणारं औषध डॉक्टरांकडून मागून घ्या.

वजन दर आठवड्याला लिहून ठेवा. फार उतरलं तर मास्क सैल होतो आणि नवा करावा लागतो. डॉक्टर नाकातून जेवणाची नळी घालायला म्हणाले तेव्हा मी चार दिवस टाळलं, आणि ते चुकलंच. नळीने आईच्या अंगात बळ आलं. तुम्ही टाळू नका.

मान काळवंडते, सोलते. हळद, तेल, साबण काही लावू नका, विचारूनच मलम लावा. जुन्या सुती साडीचा पदर बरा पडतो.

सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे एकही लाईट चुकवू नका. अठराव्या दिवशी आई म्हणाली, "बास झालं, गावाकडं चल." मध्ये खंड पडला की उरलेल्या पेशींना पुन्हा वाढायला फावतं. मी तिला हेच सांगितलं, आणि बहिणीला बोलावून घेतलं. सोबतीला दोन माणसं आलटून पालटून हवीतच. एकट्याने सहा आठवडे निभत नाहीत.

तिसावा लाईट झाला म्हणजे सुटलो, असं आम्हाला वाटलं होतं. पण त्यानंतरचे दोन आठवडे तोंडाची आग अजून वाढली. परतीच्या गाडीत बसतानाच दुखण्याचं औषध, नळीचं सामान आणि डॉक्टरांचा फोन नंबर बरोबर ठेवा.

तोंड उघडायचा व्यायाम घरी चालूच ठेवायचा आहे. आइस्क्रीमच्या लाकडी काड्या एकावर एक रचून दातांमध्ये धरायच्या. निघताना आठ काड्या जेमतेम बसत होत्या. आज सकाळी तेरावी बसली. पुढच्या महिन्यात तपासणी आहे, सवलतीचा फॉर्म भरून तयार आहे.