वहीत न सापडणारी गोष्ट

किशोरवयीन मुले आणि त्यांचे पालक यांच्याबरोबर समुपदेशक म्हणून काम करताना आलेला हा अनुभव आहे. त्या कुटुंबाची ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत.

15 वर्षांच्या मुलाची आई मला भेटायला आली, तेव्हा तिच्या हातात एक वही होती. मुलगा किती वाजता घरी परतला, फोनवर कोणाशी किती वेळ बोलला, त्याच्या खोलीतला दिवा रात्री कधी मालवला, अशा नोंदी तिने तारीखवार लिहून ठेवल्या होत्या. "मॅडम, माझं त्याच्यावर पूर्ण लक्ष आहे, पण तो माझ्याशी धड बोलतच नाही," असे सांगताना तिचा आवाज कापत होता. त्या वहीमागे संशयापेक्षा भीतीच अधिक होती, हे मला स्पष्ट दिसत होते. मी तिला एवढेच विचारले, की मुलाने अलीकडे आपणहून सांगितलेली एखादी गोष्ट तुम्हाला आठवते का? बराच वेळ विचार करूनही तिला एकही आठवली नाही.

2000 साली स्टॅटिन आणि कर या संशोधकांनी स्वीडनमधील 14 वर्षांच्या मुलांचा अभ्यास प्रसिद्ध केला. मुलांच्या दिनक्रमाविषयी पालकांना जे ठाऊक असते, ते प्रामुख्याने मुलांनी स्वतःहून सांगितल्यामुळे असते आणि पाळत किंवा चौकशी यांचा त्यात तुलनेने थोडाच वाटा असतो, असे त्यांना आढळले होते. याचा अर्थ घरात नियम नसावेत असा मुळीच नाही. पण मूल सांगायचे का थांबले, हा प्रश्न 'ते काय करते' या प्रश्नाच्या आधी विचारावा लागतो, असे माझे ठाम मत आहे.

मुलाशी मी स्वतंत्रपणे बोलले. त्याच्या किंवा दुसऱ्या कोणाच्या जिवाला धोका असल्यास मला ते सांगावे लागेल, बाकीचे बोलणे आपल्या दोघांतच राहील, हे मी आरंभीच स्पष्ट केले. थोड्या वेळाने तो म्हणाला, "मी काही सांगितलं, की पुढच्या भांडणात तेच माझ्या तोंडावर फेकलं जातं." परीक्षेची भीती वाटते असे त्याने एकदा आईला सांगितले होते आणि ती गोष्ट काही दिवसांतच नातेवाइकांपर्यंत पोहोचली होती. आईला हे सांगू का, असे विचारल्यावर त्याने होकारार्थी मान हलवली. मात्र ते मी नव्हे, तो स्वतःच सांगणार होता.

दोघे समोरासमोर बसले, तेव्हा आईने वही उघडून एका नोंदीवर बोट ठेवले: 'रात्री 1 वाजता फोनवर.' मुलाने ती वाचली आणि खाली बघतच म्हणाला, "त्या रात्री माझा मित्र रडत होता. त्याच्या घरी खूप वाद झाला होता." आई लगेच म्हणाली, "मग मला का नाही सांगितलंस?" मुलाचा चेहरा तत्क्षणी मिटला. किशोरवयीन मुलांबरोबरचे किती तरी संवाद नेमके या ठिकाणी तुटतात, कारण काळजीपोटी विचारलेला प्रश्न त्यांना उलटतपासणीसारखा ऐकू येतो. मी आईला थांबवले आणि मुलाने आत्ता जे सांगितले, त्याबद्दल काय वाटले तेवढेच बोलायला सुचवले. ती काही वेळ गप्प राहिली. मग म्हणाली, "तू त्याच्यासाठी जागा राहिलास, हे चांगलं केलंस."

त्यानंतर तो जे बोलू लागला, ते मला थांबवावेसे वाटले नाही. मित्र सुरक्षित आहे का आणि त्याच्या घरातल्या एखाद्या मोठ्या व्यक्तीला हे ठाऊक आहे का, एवढे मी मध्येच विचारून घेतले. दोन्हींची उत्तरे होकारार्थी होती. परीक्षेची गोष्टही त्याने तेव्हाच काढली. आईने सबब सांगितली नाही, तिने माफी मागितली.

पुढच्या भेटींमध्ये आम्ही काही गोष्टी ठरवल्या. कोठे जातो आणि केव्हा परततो हे मुलाने सांगायचे, मित्रांशी झालेले बोलणे मात्र त्याचे खासगी राहील. त्याने विश्वासाने सांगितलेली गोष्ट आईने भांडणात वापरायची नाही आणि त्याला विचारल्याशिवाय इतरांना सांगायची नाही. झोपेबाबत दोघांचे बरेच वाजले. या वयात झोपेची नैसर्गिक वेळ पुढे सरकते, त्यामुळे उशिरापर्यंत जागे राहणे हा नेहमीच हट्ट नसतो, हे मी आईला समजावले. तरीही 8 ते 10 तासांची झोप आवश्यक असते, हे मुलालाही ऐकून घ्यावे लागले. अखेरीस रात्री फोन खोलीबाहेर ठेवायला तो तयार झाला, पण मित्राला गरज पडली तर आईला उठवून फोन घेण्याची मुभा त्याने मागितली आणि आईने ती दिली.

काही आठवड्यांनी आईचा फोन आला. एका विषयात कमी गुण मिळाल्याचे मुलाने निकालपत्र हाती येण्याआधीच तिला सांगितले होते. तिला राग आला होता आणि तो तिने लपवलाही नव्हता. "मी आत्ता चिडले आहे, संध्याकाळी शांतपणे बोलू," असे ती त्याला म्हणाली होती. संध्याकाळी काय आणि कसे बोलावे, हे विचारण्यासाठी तिने मला फोन केला होता. मुलाला कोणती मदत हवी आहे, हे आधी त्यालाच विचारा, असे मी तिला सुचवले.