रॅम्पच्या तोंडाशी आडवी जाळी

पावसाळा जवळ आला की सोसायट्यांचे फोन सुरू होतात. "मॅडम, तळघरातल्या पार्किंगमध्ये पाणी साचतं, मोठा पंप बसवून द्या." पंप लागतोच, पण पाणी आधी वरच अडवायला हवं. रॅम्पच्या पूर्ण रुंदीभर आडवं चॅनेल, म्हणजे फरशीतली नाली, आणि त्यावर जाळी. मधोमध एकच चेंबर ठेवलं तर चारही बाजूंनी ढाळ काढावा लागतो आणि कुठेतरी डबकं राहतंच. चॅनेलला फरशीचा एकाच दिशेचा ढाळ पुरतो.

धनकवडीतल्या एका सोसायटीत सचिव काकांना हिशेब करून दाखवला. एक चौरस मीटरवर एक मिलिमीटर पाऊस म्हणजे एक लिटर पाणी. अंगण आणि रॅम्प मिळून २०० चौरस मीटर. ५० मिलिमीटर पाऊस तासाभरात पडला तर १०,००० लिटर. "म्हणजे अख्खा टँकर!" उन्हाळ्यात टँकरवाल्याचा हिशेब काकाच बघतात, त्यांना पुढे काही सांगावं लागलं नाही.

जाळी आजूबाजूच्या फरशीपेक्षा तीन ते पाच मिलिमीटर खालीच बसवायची. वर राहिली तर पाणी काठाशी अडतं आणि टायरचे धक्के बसून ती सैल होते. नुसत्या मोटारी जाणार असतील तर बी १२५ वर्गाची चालते, म्हणजे साधारण साडेबारा टनांची. टँकर किंवा अग्निशमनाची गाडी आत येणार असेल तर मी डी ४०० चाच, म्हणजे साधारण चाळीस टनांच्या जाळीचाच, आग्रह धरते.

खरा घोळ होतो गाळाचा. गुलमोहराची बारीक पानं जाळीतून सहज आत जातात, मातीत मिसळून तळाला चिकटतात. म्हणून तळाला १० मीटरला १० सेंटिमीटर ढाळ, आणि शेवटी उचलून रिकामी करता येईल अशी बादली असलेलं गाळाचं चेंबर. त्याचा खर्च वाचवू नका, कृपा करून.

आणि हे पाणी मैल्याच्या लाइनला जोडायचं नाही. मोठ्या सरीत ती तुंबते आणि तळमजल्याच्या संडासातून उलटी येते. पावसाळी गटारालाच जोडा. अर्थात तिथून ते ओढ्यातच जाणार, आणि २५ सप्टेंबर २०१९ च्या रात्री पुण्यातल्या आंबिल ओढ्याच्या पुराने काय केलं ते आपण पाहिलंय. म्हणून गच्चीचं स्वच्छ पाणी तरी वेगळं काढून शोषखड्ड्यात सोडा. पार्किंगचं नको, त्यात ऑइल असतं.