आमची वाटचाल: खड्यांचा आळ आणि आठ कोनांचा वाद

यवतमाळ जिल्ह्यातल्या दारव्ह्यात आणि आजूबाजूच्या खेड्यांत घडी बंद पडली की माणूस आमच्या घडीदुरुस्तीच्या दुकानात येतो. हे मी अभिमानानं लिहितो, कारण मध्ये एक काळ असा आला होता की आमचं शटर कायमचं खाली येणार होतं. बाबांनी बाहत्तरच्या दुष्काळानंतर हे दुकान टाकलं, मग मी बसलो, आता माझा मुलगा बसतो. सुरळीत गेलेल्या वर्षांबद्दल काय सांगावं? लग्नसराईत पट्टे आणि काचा, दिवाळीनंतर कापसाचे पैसे हाती आले की जावयाला नवी घडी, पावसाळ्यात पाणी शिरलेल्या घड्या. ती वर्षं अशीच गेली.

लिहायला निमित्त झालं मुनीमजींच्या नातवाचं. मुनीमजी म्हणजे इथल्या एका जिनिंगचे जुने मुनीम. त्यांच्याबद्दल पुढे सांगतो. नातू पुण्यात नोकरीला आहे. दिवाळीत घरी आला तेव्हा दुकानात येऊन बसला आणि म्हणाला, "काका, ऑडेमार्स पिगे या स्विस कंपनीची ती रॉयल ओक घडी आहे ना, आठ कोनांची, माझे मित्र म्हणतात तिचं डिझाइन आता संपलं. टोक गाठून झालं, यापुढे उतारच. तुम्हाले काय वाटते?"

मी त्याला म्हटलं, "बाबू, टोक तर तिनं गाठलंच आहे. पण आता नाही, 1972 मध्येच, ती बाजारात आली त्या दिवशी. आणि टोकावर पोचलेली वस्तू उतरायलाच लागते, हे तुला सांगितलं कोणी?" त्याला वाटलं काका थट्टा करतात. मी थट्टा करत नव्हतो. हे मत मी फुकट मिळवलेलं नाही.

बाबांचं टेबल अजून तेच आहे. पुढच्या कडेला पितळेची पट्टी, खडा निसटला तर अंगावर पडू नये म्हणून खाली ताणलेलं पांढरं कापड, उजव्या हाताला स्क्रूड्रायव्हरचा स्टँड, डाव्या हाताला काचेचं झाकण. उघडलेल्या मशीनवर धूळ बसू नये म्हणून ते झाकण. बाबा चिमटा रोज सकाळी बारीक दगडावर लावायचे. चिमट्याची दोन टोकं उजेडात धरून पाहायची, मधून उजेड दिसला तर तो चिमटा हेअर स्प्रिंगला, म्हणजे केसासारख्या बारीक स्प्रिंगला, लावायचा नाही. लेथ त्यांनी नागपूरहून आणली होती, सीताबर्डीवर एक म्हातारे कारीगर धंदा बंद करत होते त्यांच्याकडून. शकुंतलेनं, म्हणजे आमच्या छोट्या नॅरोगेज गाडीनं, मूर्तिजापूर, तिथून मोठ्या गाडीनं नागपूर, आणि येताना मांडीवर लेथ. त्या लेथवर बाबा बॅलन्स स्टाफ, म्हणजे घडीत मागे-पुढे झुलणाऱ्या बॅलन्सच्या चाकाचा बारीक आस, कातायचे. ज्याला हे काम माहीत आहे त्याला मी वेगळं सांगायला नको.

धंदा उभा राहिला तो एचएमटीवर, त्यातही तिच्या जनता या मॉडेलवर. बंगळूरला सिटिझनच्या मदतीनं 1961 मध्ये कारखाना सुरू झाला आणि पुढे चाबीची सतरा खड्यांची घडी शिक्षकाच्या, तलाठ्याच्या, कंडक्टरच्या मनगटावर आली. जनताची डायल पाहा. आकडे वाचता येतात, काटे डायलच्या मापाचे, एक रेघ जास्तीची नाही. तिच्यात सुधारणा कर म्हटलं तर मला काहीही सुचत नाही.

आता त्या वाईट काळाकडे येतो.

मोबाइल आले तेव्हा लोकांनी घड्या काढून ठेवल्या. ते सगळीकडेच झालं, त्याचं मला दुःख नाही. दुःख वेगळ्या गोष्टीचं आहे. आमच्या समोरच्या रांगेत एकानं मोबाइलचं दुकान टाकलं आणि त्यासोबत सेलवर चालणाऱ्या स्वस्त घड्या विकायला ठेवल्या. इथपर्यंतही ठीक. पण जुनी एचएमटी घेऊन जाणाऱ्या माणसाला तो हटकायचा आणि म्हणायचा, "तिकडे देऊ नका, ते आतले खडे काढून घेतात. माणिक असतेत त्यात." एका बाजाराच्या दिवशी बोलला, दुसऱ्या बाजाराला तालुकाभर झालं.

ही अफवा नवी नाही. घडीच्या खड्यांना लोक रत्न समजतात, म्हणून ती पटकन चिकटते. खरं असं आहे की ते खडे कारखान्यात तयार केलेले माणिक असतात. व्हर्न्युइ नावाच्या फ्रेंच शास्त्रज्ञानं 1902 मध्ये माणिक भट्टीत तयार करायची रीत जगापुढे मांडली, तेव्हापासून घडीतल्या खड्याला रत्नाची किंमत राहिलेली नाही. खडा असतो तो झीज होऊ नये म्हणून. चाकाच्या पोलादी टोकाला पितळेत फिरवलं तर भोक मोठं होतं, खड्यात फिरवलं तर वर्षानुवर्षं होत नाही. खडा काढला तर घडी बंद पडेल आणि गिऱ्हाईक दुसऱ्या दिवशी दारात उभं राहील. असला उद्योग कोणता कारीगर करेल?

पण हे ऐकायला कोणी थांबत नव्हतं. ज्यांच्या लग्नातल्या घड्या बाबांनी दिल्या होत्या ती माणसं येऊन म्हणायची, "भाऊ, दुरुस्ती राहू द्या, घडी वापस द्या." उघडलेली मशीन तशीच बंद करून परत द्यावी लागली. एका म्हाताऱ्या आजीनं तर घडी कानाला लावून विचारलं, "सगळे खडे हायेत ना रे बापू?" बाबा तेव्हा आजारी होते. त्यांनी ते ऐकलं. नागपूरच्या ठोक व्यापाऱ्यानं उधारी बंद केली, दुकानाचं भाडं थकलं, आणि शेवटी बाबांची लेथ विकावी लागली. घेणारा अमरावतीचा होता, भाव पाडून घेऊन गेला. पुढे मी दुसरी लेथ घेतली, पण तिच्या कॉलेटला, म्हणजे काम धरणाऱ्या जबड्याला, ती पकड नाही. ज्यानं हे सगळं घडवलं त्यानं आजपर्यंत एक शब्द बोलून दाखवलेला नाही. मी त्याच्या दुकानाची पायरी चढलेलो नाही आणि चढणारही नाही.

त्या दिवसांत मुनीमजी आले. त्यांची जनता घडी बाबांनीच दिलेली होती आणि तिची सर्व्हिसिंग त्यांनी कधी चुकवली नव्हती. ते बाजाराच्या दिवशी आले, ऐन गर्दीत, आणि म्हणाले, "टेबल बाहेर काढा. माझी घडी सगळ्यांसमोर उघडा आणि खडे मोजून दाखवा." टेबल बाहेर घेतलं. लोक जमले. मी मागचं झाकण उघडलं, चाबीचा ताण उतरवला, बॅलन्सच्या ब्रिजचा, म्हणजे चाकावरच्या पट्टीचा, स्क्रू काढला आणि ब्रिज उचलला. त्याला हेअर स्प्रिंगवर लोंबकळत बॅलन्सचं चाक वर आलं. मग भिंग एकेकाच्या हातात देऊन सुईनं दाखवत गेलो: बॅलन्सचे वर दोन, खाली दोन. रोलरवर, म्हणजे बॅलन्सच्या आसावरच्या चकतीवर, एक. पॅलेटच्या, म्हणजे चाकाला एकेक दात सोडणाऱ्या खटक्याच्या, दोन दातांचे दोन. मग मधलं चाक, तिसरं, चौथं, एस्केप आणि पॅलेट, या पाचांचे वर-खाली मिळून दहा. झाले सतरा. डायलवर लिहिलेलं आहे तेवढेच. मुनीमजी खुर्चीवर बसून प्रत्येक खड्याला मोठ्यानं आकडा म्हणत होते, जसे ते गाठी मोजायचे. घडी परत बांधली, चाबी दिली, चालू झाली. त्यांनी खिशातून पैसे काढून सर्व्हिसिंगचे पूर्ण दिले, सगळ्यांना दिसतील असे. त्यानंतर माणसं हळूहळू परत यायला लागली.

नवीन पोरांनी दुकान टाकलं तर माझं एवढं ऐकावं. गिऱ्हाइकाच्या नजरेआड घडी उघडू नका. पावतीवर झाकणाचा नंबर लिहा, खड्यांची संख्या लिहा, काचेवर आधीपासून ओरखडा असेल तर तोही लिहा आणि खाली त्याची सही घ्या. आणि पाहुण्याचं काम असलं तरी पावती द्या.

आता आठ कोनांकडे. समोरच्यानं काही वर्षांनी नक्कल विकायला आणली, रॉयल ओकची. त्याला तिचं नावही माहीत नव्हतं, तो 'आठ कोनी' म्हणायचा. लग्नात नवरदेवाच्या मित्रांच्या हातात सगळीकडे तीच. महिन्या-दोन महिन्यांत स्क्रूची टोपणं गळायला लागली, कारण ते स्क्रू नव्हतेच, वरून चिकटवलेली शोभा होती. ती गळकी टोपणं चिकटवायला पोरं आमच्याकडे यायची. मी चिकटवून दिली, आणि प्रत्येकाला खरी घडी कशी असते हे कागदावर काढून दाखवलं.

खरी घडी अशी. वर काचेभोवती आठ कोनांची कडी, तिच्यावर आठ स्क्रू. स्क्रूचं डोकं षटकोनी आहे आणि ते कडीतल्या षटकोनी खाचेत बसतं, म्हणून ते फिरूच शकत नाही. आवळतात ते मागच्या बाजूनं. म्हणूनच आठही स्क्रूंच्या खाचा नेमक्या एका वर्तुळावर येतात. नकलेत त्या खाचा वाटेल तिकडे तोंड करून बसलेल्या असतात. कडी आणि केस, म्हणजे घडीचा डबा, यांच्यामध्ये रबराचं गॅस्केट, आणि स्क्रू आवळले की ते दाबलं जाऊन पाणी अडतं. पाणबुड्याच्या शिरस्त्राणावरून हे सुचलं असं सांगतात. जेराल्ड जेंटा नावाच्या माणसानं ते एका रात्रीत काढलं, असं तो स्वतः सांगायचा. साल 1972, स्वित्झर्लंडमधल्या बाझलचं घड्यांचं प्रदर्शन. आपल्याकडे दुष्काळ आणि कापसाची एकाधिकार खरेदी, तिकडे स्विस घडीवाल्यांना सेलवर चालणाऱ्या क्वार्ट्झ घड्यांची धास्ती, कारण जपानच्या सेकोनं 1969 च्या नाताळात अ‍ॅस्ट्रॉन ही तसली घडी आणली होती. अशा भीतीच्या वेळी या कंपनीनं साध्या स्टीलची घडी काढली आणि सोन्याच्या घडीला लाजवेल असा भाव लावला, 3,300 स्विस फ्रँक. लोकांना वेडेपणा वाटला.

खरी रॉयल ओक मी एकदाच हातात धरली आहे. आमच्याच तालुक्यातला एक मुलगा परदेशात डॉक्टर आहे, तो लग्नाला आला तेव्हा पट्टा सैल होतो म्हणून घेऊन आला. 39 मिलीमीटरची, पातळ, जुन्या वळणाची. मी कडी काढायला नकार दिला. माझ्या ड्रायव्हरचा एक ओरखडा तिच्यावर राहिला असता तर मला झोप लागली नसती. पण भिंग लावून पाहत बसलो आणि डॉक्टरनं पाहू दिलं. पट्ट्याची प्रत्येक कडी आधीच्या कडीपेक्षा अरुंद, म्हणजे एकही कडी दुसरीच्या जागी बसणार नाही. सपाट भाग ब्रशनं ओढलेला, कडेला चकचकीत उतार, आणि दोघांमधली रेघ अशी की डोक्याचा केसही जाड वाटावा. पाठीच्या काचेतून मशीन दिसत होतं, 2121 नंबरचं, तारखेसकट 3.05 मिलीमीटर जाड. आपल्या जाड पोस्टकार्डांची छोटी चळत होईल एवढ्यात रोटर (हात हलला की आपोआप चाबी देणारं वजन), तारीख, सगळं.

म्हणून मी म्हणतो की टोक तिथेच होतं. स्क्रू शोभेचा नाही, तो काम करतो. कोन गॅस्केटला धरून आहेत. पट्टा कुठे सुरू होतो आणि केस कुठे संपते ते सांगता येत नाही. यातलं काय काढाल? 1976 मध्ये जॅकलिन डिमिए या डिझायनरनं बायकांसाठी लहान मापाची केली, ती सुंदर झाली, कारण तिनं कोनांना हात लावला नाही. 1993 मध्ये ऑफशोर नावानं 42 मिलीमीटरची दांडगी आली, ती खपली, पण मला ती पैलवानाला घातलेल्या शेरवानीसारखी वाटते. आणि 2022 मध्ये पन्नाशी झाली तेव्हा कंपनीनं काय केलं? नवं 7121 मशीन बसवलं, 55 तास चालणारं, आणि घडी ठेवली 39 मिलीमीटरचीच. पन्नास वर्षं फिरून माणूस त्याच मापावर येतो, याचा अर्थ ते माप सुरुवातीलाच बरोबर होतं.

नातवाचे मित्र भाव पाहतात. जेंटाचीच दुसरी घडी, पाटेक फिलिप या दुसऱ्या स्विस कंपनीची 1976 ची नॉटिलस, तिचं 5711 मॉडेल कंपनीनं बंद केलं आणि डिसेंबर 2021 मध्ये निळसर हिरव्या डायलचं एक नग लिलावात 65 लाख डॉलरवर गेलं. पुढच्या वर्षात अशा सगळ्या घड्यांचे जुन्या बाजारातले भाव उतरले. मग पोरं म्हणतात डिझाइन संपलं. भाव संपला म्हणा. कंपनी बंद पडली तरी डिझाइन संपत नाही हे आम्ही इथे बसून पाहिलं आहे. एचएमटीचा घड्यांचा धंदा बंद करायला केंद्र सरकारनं 2016 मध्ये मंजुरी दिली, आणि तरी आमच्या टेबलावर रोज जनता येते.

नातवाला मी सांगितलं, गुंतवणूक म्हणून घेऊ नको, घालायला घेणार असशील तर पातळ, 39 चीच घे. आणि जुनी मिळाली तर पॉलिश झालेली आहे का ते आधी बघ. बफवर एकदा धरली की तो कडेचा उतार गोल होतो आणि मग ती घडी पहिल्यासारखी करणं फार अवघड. हे एचएमटीलाही लागू आहे. केस चकचकीत करून द्या म्हणून लोक मागे लागतात, मी करत नाही. तारीख असलेल्या घडीची तारीख रात्री नऊ ते पहाटे तीनच्या मध्ये बदलू नका, गिअर तुटू शकतो. सेलची घडी बंद पडली की सेल लगेच काढून घ्या, आत पाझरला तर मशीन जातं. घडी टीव्हीच्या स्पीकरवर ठेवू नका.

सध्या दुकानात मुलगा सेल, पट्टे आणि काचा पाहतो, चाबीच्या घड्या मी पाहतो. एचएमटीचे जुने सुटे भाग आम्ही वर्षानुवर्षं जमवून ठेवले आहेत, विचारून बघायला हरकत नाही. आठ कोनी नक्कल आणली तर सेल बदलून देऊ, स्क्रूची टोपणं आता चिकटवत नाही. चाबीची घडी असेल तर बाजाराचा दिवस सोडून या, म्हणजे तुमच्यासमोर उघडता येईल.