ब्लू व्हेल नव्हता

"तो ब्लू व्हेल होता का गं?" माझ्या डाव्या हातावर मीच केलेल्या जखमांचे वण बघून, जरा आढेवेढे घेऊन, शेवटी सगळे इथेच येतात. २०१७ साली मी नाशिकला नववीत होते हे कळलं की त्यांचा हिशेब जुळतो. तर, तुम्ही विचारलंत म्हणून: नाही. तो खेळ मी डोळ्यांनीही पाहिलेला नाही.

त्या जुलैत अंधेरीतला चौदा वर्षांचा मुलगा गेला आणि ऑगस्टभर चॅनलांवर तेच. ब्लू व्हेल म्हणे रशियातून आलेला ऑनलाइन खेळ: पन्नास दिवस, पन्नास टास्क, हातावर कोरलेला देवमासा, शेवटी आत्महत्या. सरकारने कंपन्यांना लिंका काढायला लावल्या. आमच्या शाळेने बाह्या तपासल्या.

प्रार्थनेनंतर मुलींची रांग प्रयोगशाळेबाहेर. मॅडम एकेकीचा हात धरायच्या, उलटसुलट करायच्या, "चल, पुढे हो." मी स्वेटर घातला होता. उकाड्यातही घालायचे आणि तोवर कुणाला ते खटकलं नव्हतं. माझी बाही वर सारल्यावर मॅडमनी आधी काय केलं असेल? मासा शोधला. हात खिडकीच्या उजेडात फिरवून फिरवून त्या रेषांमध्ये शेपूट दिसते का बघत होत्या.

दुपारी बाबा आले. घरून आणलेला माझा फोन मुख्याध्यापकांच्या टेबलावर ठेवला, कॉम्प्युटरच्या सरांनी तो चाळला. काही मिळालं नाही. "डिलीट केला असणार," सर म्हणाले. आणि बाबांचा आवळलेला जबडा सैल झाला. रशियातल्या कुणीतरी पोरीला नादी लावलं होतं. म्हणजे घरात काही बिघडलेलं नव्हतं. फोन जप्त झाला. जिच्याशी बोलल्याशिवाय मला झोप यायची नाही ती मैत्रीणही त्यासोबत तुटली. तुला होतंय काय, हे त्या खोलीत एकानेही विचारलं नाही.

जानेवारी २०१८ मध्ये तेव्हाचे केंद्रीय गृहराज्यमंत्री हंसराज अहीर यांनी लोकसभेत सांगितलं, की तपासलेल्या घटनांत या खेळाचा संबंध सिद्ध झाला नाही. ही बातमी आमच्या घरी पोचलीच नाही.

मग का केलंस? मनात इतकं साचायचं की सहन व्हायचं नाही. नंतर जरा वेळ शांत, मग लाज, मग जास्तच साचलेलं. मरायचं नव्हतं. सिनेमातली नस कापणारी प्रेयसी बघून तुम्हाला तसंच वाटतं, पण डॉक्टर या दोन गोष्टी वेगळ्या धरतात. वेगळ्या धरतात म्हणून सोडून देत नाहीत. अशा मुलांना पुढे जिवाचा धोका जास्त असतो, हेही तेच सांगतात. (कुणाला हे आपलंच वाटलं तर टेलि-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनच्या १४४१६ वर मराठीत बोलता येतं. तेव्हा ते नव्हतं.)

"लक्ष वेधून घ्यायला करतात." लक्ष वेधायला कुणी उन्हाळाभर स्वेटर घालतं का? बरं, खरं सांगते, कधीकधी वाटायचं की आईने बाही वर करून बघावं. वाटलं तर काय बिघडलं? भूक लागली म्हणून रडणाऱ्या पोराला आपण नाटकी म्हणत नाही.

कॉलेजात असताना मी सगळा दोष चॅनलांवर ढकलायचे. तावातावाने बोलायचे, टाळ्याही मिळायच्या. आता अडखळते. तो मासा नसता तर बाही कुणी वर केली असती? "गेमचं व्यसन सोडवा" म्हणून बाबाच मला समुपदेशक ताईंकडे घेऊन गेले. ताईंनी गेमचं नावही काढलं नाही, रात्री किती वाजता झोप लागते ते विचारलं. तिथून पुढे हळूहळू थांबलं, मध्ये परत सुरूही झालं, मग थांबलं. म्हणजे चॅनलवाल्यांचे आभार मानायचे? मी मानणार नाही. त्याच रांगेत अशीही कुणी असेल जिच्या खुणा हातावर नव्हत्या, आणि तिला "चल, पुढे हो" म्हटलं गेलं.

बाबा पाहुण्यांना अजून "तो गेम होता" असंच सांगतात. मी मध्ये बोलत नाही. कधी चीड येते, कधी वाटतं राहू दे, त्यांनाही काहीतरी धरायला हवं असेल.