एम्प्रेस गार्डनमधली सकाळ

आज आईला घेऊन एम्प्रेस गार्डनच्या पुष्पप्रदर्शनाला गेले. आम्ही दोघी दरवर्षी २६ जानेवारीच्या आसपास जातोच. गुलाब, बोन्साय, कुंड्यांच्या रांगा बघून आई नेहमीसारखी हरखली. माझा पाय मात्र मागच्या जुन्या झाडांपाशीच अडकला.

रेसकोर्सजवळची ही ३९ एकरांची बाग आहे, आणि ती सांभाळते अॅग्री-हॉर्टिकल्चरल सोसायटी ऑफ वेस्टर्न इंडिया. १८३० सालची संस्था! झाडांवर प्रेम करणारी माणसं एकत्र आली आणि जवळपास दोनशे वर्षं एकमेकांच्या हाती काम सोपवत राहिली, हे मला फार मोठं वाटतं. आजूबाजूला पुणं कुठल्या कुठे वाढलं, पण इथे अजून उन्हाचे कवडसे जमिनीपर्यंत जेमतेम पोचतात.

एका झाडाखाली माळीकाका पाचोळा ओढत होते. "जाळता का हो?" आईनं विचारलं. "जाळायचा कशाला ताई, त्याचंच खत होतं," म्हणाले आणि मूठभर काळी माती आईच्या तळहातावर ठेवली. आईनं ती हुंगली. कोकणातल्या परसातला वास आला म्हणाली, आणि मग बराच वेळ गप्प होती.

परतताना जास्वंदीचं रोप घेतलं. आमच्या सोसायटीच्या मागच्या कोपऱ्यातल्या पाचोळ्याची गोणी मी उद्या कचऱ्याच्या गाडीत देणार नाहीये. खड्डा कुठे खणायचा ते आईनं रिक्षातच ठरवून टाकलंय. मदतीला येणाऱ्यांनी रविवारी सकाळी सातला खाली या, घमेलं आणा.