सात आठवडे पांढरीच राहिलेली नळी: क्रट-आयचा माझा अनुभव

क्रट-आय या एन्झाइमचा जीन ई. कोलाय या प्रयोगशाळेतल्या जिवाणूत घालून प्रथिन हाती यायला मला नऊ दिवस पुरले. पेशीबाहेर, परीक्षानळीत त्याच्याकडून काम करून घ्यायला सात आठवडे गेले. त्या आठवड्यांची चिडचिड अजून पुरती गेलेली नाही.

क्रट-आय हे पँटोइया अननाटिस या जिवाणूचं एन्झाइम. रंगहीन फायटोईनमधून ते चार वेळा हायड्रोजन काढतं आणि लायकोपीन, म्हणजे टोमॅटोचा लाल रंग, तयार होतो. वनस्पतींना याच कामासाठी चार एन्झाइमं लागतात. म्हणून तर गोल्डन राइसमध्ये, म्हणजे बीटा-कॅरोटीन असलेल्या पिवळ्या तांदळात, हा जिवाणूचा जीन घातला गेला. क्रट-ई, बी (हे दोन मिळून फायटोईन बनवतात) आणि आय हे तीन जीन एकत्र दिले की ई. कोलायच्या कॉलन्या आपोआप गुलाबी-लाल होतात, तेव्हा नळीत काय अवघड, असं मला वाटलं.

प्रथिन भरपूर बनलं, पण सगळं इन्क्लुजन बॉडीत, म्हणजे नीट घडी न पडलेल्या प्रथिनाच्या गुठळ्यांत. युरियात विरघळवलं, डिटर्जंटच्या बफरमध्ये सोडलं, एफएडी (एन्झाइमला लागणारा मदतनीस रेणू) दिलं, अ‍ॅसिटोनमधलं फायटोईन टाकलं. रात्रभर ठेवून सकाळी फॉइल उघडली, तर पांढरंच. एफएडी वाढवलं, पीएच बदलला, एनएडीपी हा दुसरा मदतनीस रेणूही घालून पाहिला (त्याची याला गरजच नसते, हे आधी नीट वाचायला हवं होतं). स्पेक्ट्रममध्ये दर वेळी 286 नॅनोमीटरला फायटोईनचा तोच उंचवटा. दोनदा प्रथिनच खराब समजून सगळं ओतून दिलं, त्याचं आजही वाईट वाटतं.

शेवटी शेजारच्या बाकावरच्या मैत्रिणीने विचारलं, "अगं, हे पेशीच्या पटलाला चिकटून राहणारं एन्झाइम ना? मग पटल कुठे दिलंस तू?"

लेसिथिन या स्निग्ध पदार्थाचे लायपोसोम, म्हणजे पटलासारखे सूक्ष्म फुगे, केले, फायटोईन त्यांतच मुरवलं आणि युरियातलं प्रथिन एफएडीसकट त्यांत झटकन पातळ केलं. दुसऱ्या दिवशी दुधासारख्या द्रावणावर फिकट गुलाबी झाक होती. रंग हेक्सेनमध्ये काढला, तर स्पेक्ट्रममध्ये 444, 470 आणि 502 नॅनोमीटरच्या आसपास लायकोपीनची तीन टोकदार शिखरं. मी तो कागद दोनदा छापला.

डिटर्जंटच्या मागे लागू नका, पहिल्या दिवसापासून लायपोसोम घ्या. नळी काठोकाठ भरू नका, कारण शेवटी इलेक्ट्रॉन ऑक्सिजन घेतो. आणि हो, फायटोईन फक्त ई आणि बी असलेल्या पांढऱ्या कॉलन्यांतून काढा, आय असलेल्यांत ते उरतच नाही. उकळून निकामी केलेल्या एन्झाइमची एक नळी मात्र तुलनेसाठी शेजारी ठेवाच. माझी ती नळी पांढरी राहिली, तेव्हाच मी गुलाबीवर विश्वास ठेवला.