तापीवर पाणी बघितलं, थेम्सवर सुकाणू धरलं

थेम्सवरच्या ग्रेट रिव्हर रेस या होड्यांच्या शर्यतीत वल्हं मारायचा दम नसेल तर नावेत दोनच जागा उरतात. एक सुकाणूवाल्याची, म्हणजे कॉक्सची, आणि दुसरी पॅसेंजरची. हो, प्रत्येक नावेत एक पॅसेंजर बसवायचाच, असा नियम आहे! मला कॉक्सची जागा मिळाली आणि पॅसेंजर म्हणून बायको आली.

ही शर्यत १९८८ पासून चालू आहे. लंडनच्या पूर्वेला मिलवॉलपासून पश्चिमेला हॅमपर्यंत, २१.६ मैल, म्हणजे जवळपास ३५ किलोमीटर. जायचं उगमाच्या दिशेने, पण समुद्राची भरती मागून ढकलत असते. शर्यतीची तारीख आणि वेळ ठरते तीही भरती पाहूनच. दोऱ्या ओढून सुकाणू कसं फिरवायचं हे क्लबात शिकवलं होतं. पाणी कसं ओळखायचं ते मात्र मी जुलैत सुट्टीला शहाद्याला आलो तेव्हा शिकलो.

त्या दिवसांत तापीत नाव घालायचा प्रश्नच नव्हता. हतनूर धरणाचे दरवाजे उघडल्याच्या बातम्या येत होत्या आणि प्रकाशा गावात गढूळ पाणी घाटाच्या पायऱ्या चढत होतं. नावाडी आप्पांनी नाव ओढून वर बांधली होती. "चाल, पुलवर जाऊ," म्हणाले. मग आम्ही पुलाच्या कठड्याला टेकून नुसतं पाणी बघत बसलो.

वरून बाभळीची एक फांदी येत होती. खांबाच्या अलीकडे ती क्षणभर थबकली, कारण तिथे पाणी खांबाला धडकून फुगतं. मग बाजूच्या धारेत सापडून एकदम सुसाट निघाली आणि खांब ओलांडल्यावर गर्रकन वळून उलटी, खांबाच्या पाठीकडे आली. तिथेच गोल फिरत राहिली. तिच्या मागून आलेला प्लॅस्टिकचा कॅन मधल्या धारेतून केव्हाच पुढे निघून गेला होता. "पानी देख भाऊ, नाव आपेआप चालस," आप्पा म्हणाले. लंडनची नदी दिवसातून दोनदा उलटी वाहते हे मात्र त्यांना पटेना. "नदी मांगे फिरस?" त्यांनी खांबामागच्या भोवऱ्याकडे बोट दाखवलं. "ती आठेच फिरस."

त्यांचा मुलगा सुरतला कापड मार्केटात कामाला आहे. अर्ध्या खान्देशचं कुणी ना कुणी तिथे असतंच. मग नंदुरबारहून गाडी पकडून आम्ही दोघं सुरतला गेलो. रांदेरजवळच्या बंधाऱ्याने खारं पाणी वर येण्यापासून अडवलंय, त्याच्या खाली मात्र तापी भरती-ओहोटीची आहे. पुलावर उभं राहिलो तेव्हा पाणी समुद्राकडे चाललं होतं. हळूहळू ते मंदावलं, थांबलं, आणि मग कडेकडेने वर सरकायला लागलं. मधली धार अजून खालीच जात होती! एकाच पात्रात दोन दिशा. आप्पा बराच वेळ काही बोलले नाहीत, मग मुलाला म्हणाले, "तू माले सांगं नही कधी." मुलगा सव्वीस वर्षांचा, तो म्हणाला, कधी बघितलंच नाही.

लंडनची भरती याहून दांडगी. उधाणाच्या दिवसांत लंडन ब्रिजपाशी पाणी साडेसहा-सात मीटर चढतं, आणि ते दोन्ही बाजूंच्या दगडी भिंतींमध्ये कोंडलेलं. सहलीच्या बोटींच्या लाटा या भिंतीवरून परत येतात, म्हणून टॉवर ब्रिज ते वेस्टमिन्स्टर हा पट्टा सगळ्यात खवळलेला. लाट आडवी घेतली तर नावेत पाणी भरतं, म्हणून तोंड तिच्याकडे थोडं वळवायचं आणि ती गेली की परत सरळ.

खरी गंमत पुलांची. सुकाणू फिरवलं की आधी नावेचं बूड सरकतं आणि तोंड मागाहून वळतं, त्यामुळे कमान बरीच अलीकडे ठरवावी लागते. दोन पिवळे दिवे असलेली कमान वाहतुकीसाठी खुली. दुरुस्तीमुळे खालची उंची कमी झाली असेल तर दिवसा तिथे चक्क गवताची पेंढी टांगतात. जुना नियम, अजून पाळतात. सरावात एका पुलाला ती लोंबताना दिसली तेव्हा सहाही वल्हेकऱ्यांना मी ओरडून दाखवली, पण ते पाठमोरे बसलेले असल्यामुळे पुलाखालून गेल्यावरच त्यांना दिसली.

शर्यतीत हळू नावा आधी सोडतात, वेगवान शेवटी. म्हणजे वाटभर कोणीतरी कोणाला तरी ओलांडतच असतं. पुढच्याला धक्का न लावता बाजूने काढायची जबाबदारी मागच्याची. हॅमरस्मिथला नदी डावीकडे लांबलचक वळते. आतून गेलं तर अंतर कमी, पण भरतीचा जोर खोल पाण्यात. समोरच्या दोन नावा आतल्या बाजूने गेल्या. मी आमची नाव धारेतच ठेवली आणि पुढे चिझिकच्या बेटापाशी त्यातली एक आमच्या मागे होती. दुसरी नाही सापडली.

रिचमंडला १८९४ चं बांध-लॉक आहे. भरतीच्या ऐन वेळेच्या आधी आणि नंतर साधारण दोन-दोन तास त्याचे दरवाजे वर उचललेले असतात, तेवढ्यात पोचलात तर खालून सरळ निघता. आम्ही निघालो. तिथून हॅमपर्यंत पाण्याचा जोर कमी झालेला, वल्हेकऱ्यांच्या तोंडाला फेस, आणि पॅसेंजरबाई मोठमोठ्याने आकडे मोजत होत्या, अहिराणीत. इंग्रज वल्हेकऱ्यांना त्यातलं काही कळत नव्हतं, पण ताल बरोबर लागला होता. निकालात नंबर मधलाच लागला.